कुणाला कळणारसुद्धा नाही!

आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात दुपारच्या जेवणानंतर एक तास असतो. त्या तासाला नेमकं काय शिकवावं हे आजवर कुणालाच ठरवता आलेलं नाही, म्हणून तो बाहेरच्या पाहुण्यांना देऊन टाकतात. विषय ठरलेला : 'नोकरी आणि जीवन यांचा समतोल'. बावीस वर्षांच्या नोकरीत मी हा समतोल चार वेळा शिकून आलो आहे. परत आल्यावर टेबलावर आठवड्याचं काम साचलेलं असतं, त्यामुळे तो सोमवारी साडेदहालाच जातो, हा भाग वेगळा.

गेल्या खेपेला जे गृहस्थ आले होते ते कुठल्याशा मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. उन्हानं रापलेला चेहरा, आणि डावा हात मात्र मनगटापासून खाली पांढराफटक. मी लगेच ओळखलं, गोल्फवाला! गोल्फवाले एका हातात मोजा घालतात. गृहस्थ म्हणाले, "छंद सोडू नका. मी तीस वर्षं जगभर फिरलो, पण एकही दौरा गोल्फशिवाय केला नाही. युक्ती सोपी आहे. पहाटे पाचला उठा, सहाला पहिला फटका मारा, दहाच्या मीटिंगला दाढीबिढी करून हजर. फॅमिली ट्रिपलाही तेच. बायकामुलं उठून, आवरून नाश्त्याला येतात, तोपर्यंत तुमचे अठरा होल झालेले असतात. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

वर्गात आम्ही चाळीस जण होतो. त्यातल्या एकोणचाळिसांनी गोल्फ फक्त दूरदर्शनवर, तोही चॅनल बदलता बदलता पाहिला असेल. पण सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, 'पहाटे ५ - उठणे'. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर तास लांबला असता आणि पुढे चहा होता. पण ते 'कुणाला कळणारसुद्धा नाही' माझ्या डोक्यातून गेलं नाही. इतकं खोटं वाक्य मी फक्त कर्जाच्या अर्जात वाचलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, गोल्फच्या गोष्टीत कॅश काउंटरवरच्या माणसानं नाक खुपसायचं कारण काय? तर माझा अधिकार सांगतो. मी येरवड्याचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच पोस्टमन होते. येरवड्यात दोन कुंपणं नामांकित. एक तुरुंगाचं आणि दुसरं गोल्फच्या मैदानाचं. तुरुंगाच्या आत काय असतं ते उभ्या देशाला माहीत आहे, कारण गांधीजींपासून अनेक थोर माणसं तिथे राहून आली. गोल्फच्या कुंपणाआत काय असतं ते मात्र आम्हा पोरांनाच ठाऊक. नववीपासून दर रविवारी मी तिथे साहेब लोकांच्या पिशव्या उचलायला जाई. त्याला 'कॅडी' म्हणतात. काम तीन प्रकारचं : पिशवी उचलणे, झुडपात गेलेला चेंडू शोधणे, आणि साहेबांनी सात फटक्यांचे पाच सांगितले की आकाशाकडे पाहणे. माझे एक निवृत्त कर्नल होते. ते पुणं सोडून मुलीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा त्यांनी मला आपली एक जुनी लोखंडी काठी दिली. सात नंबरची. पुढे नोकरी लागल्यावर जुन्या बाजारात मला एक पटरही मिळाला. विकणारा तो छत्रीचा दांडा म्हणून विकत होता, मी घेतला म्हणून त्याला माझी कीव आली. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. कमीत कमी किती, याबद्दल नियम गप्प आहे. माझ्या दोनच आहेत. सतरंजीत गुंडाळल्या की रेल्वेच्या बाकाखाली बसतात. शेजारचे प्रवासी विचारतात, "प्लंबर का?" मी हो म्हणतो. गोल्फ म्हटलं की लोक आधी बुटांकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि मग आपली बॅग जवळ ओढतात.

तेव्हा मी गोल्फच्या विरुद्ध नाही. माझं भांडण त्या 'कळणारसुद्धा नाही'शी आहे.

आधी साधा हिशेब घेऊ. मी कॉमर्सचा माणूस, मला याच्या पलीकडचं काही येत नाही. अठरा होल म्हणजे आठ ते दहा किलोमीटरची चाल. चौघांचा गट असेल तर चार ते साडेचार तास, तेही पुढचा गट शहाणा असेल तर. सहाला सुरुवात केली तर साडेदहा होतात. मग दहाची मीटिंग कुणी घेतली? त्यात मैदानावर पोचायला अर्धा तास, यायला अर्धा तास, बूट बदलणं, आणि खेळानंतरचा चहा. त्या चहाला प्रत्येक जण आपले अठराच्या अठरा होल पुन्हा तोंडी खेळतो, तो एक तास वेगळाच. म्हणजे चार तासांच्या व्हाउचरमागे प्रत्यक्षात सात तासांचा खर्च. वरचे तीन तास कुठल्या खात्यावर टाकले, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. आणि पहाटे सहा म्हणजे कुठले सहा? डिसेंबरात दिल्लीला सूर्यच सातच्या सुमाराला येतो, तोही धुकं असेल तर येऊन न आल्यासारखा.

बरं, हेही सोडा. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळवताना पन्नासची एक नोट कमी भरली तर काय होतं, तुम्ही पाहिलंय का? पंखे बंद करून बंडलं सोडतात. चपला काढून टेबलाखाली बघतात. हेडकॅशिअर कचऱ्याची टोपली फरशीवर उलटी करतात. नोट सापडेपर्यंत, नाहीतर माझ्या खिशातून भरेपर्यंत, कुणी घरी जात नाही. पन्नास रुपयांची ही कथा! आणि हे गृहस्थ सांगतात की नवरा नावाची पाच फूट सात इंचांची चीज सहलीच्या दिवशी सकाळी सात तास कमी भरली, तर ते कुणाच्या लक्षात येणार नाही. ज्या घरात एक वाटी हरवली तर शेजारच्या तीन घरांतली मांडणी तपासतात, त्या घरात!

मी स्वतः हे दोनदा करून पाहिलं आहे, म्हणून बोलतो.

पहिली खेप कामाच्या प्रवासातली. क्लार्क माणसाला दौरा नसतो, डेप्युटेशन असतं. म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या कुणाला कांजिण्या झाल्या की तुम्हाला पाठवतात. २०१२ साली मला असं आठवडाभर नाशिकला धाडलं. तिथे 'गोल्फ क्लब' म्हणून जागा आहे हे मी नावानं ऐकून होतो. मंगळवारी पहाटे उठलो, सतरंजी काखेत मारली आणि रिक्षावाल्याला ऐटीत म्हटलं, "गोल्फ क्लब." त्यानं दहा मिनिटांत नेऊन सोडलं. बघतो तर मैदानावर क्रिकेटचं पिच, भोवती पळणारे लोक, आणि एका कोपऱ्यात पंधरा-वीस आजोबा हात वर करून मोठमोठ्यानं हसताहेत. ते हास्यक्लबाचे होते हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं मलाच हसताहेत. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या कान्हेऱ्यांनी १९०९ साली नाशिकच्या नाटकगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यांचं. साहेबाच्या खेळाचं नाव पुसून त्यावर कान्हेऱ्यांचं नाव लिहिलं, यापरता काव्यगत न्याय नाही. पण रिक्षावाले अजून 'गोल्फ क्लब'च म्हणतात, त्याला काय करणार! शेवटी सतरंजी मांडीवर घेऊन मी मिसळ खाल्ली आणि सव्वादहाला शाखेत गेलो. तिथल्या मॅनेजरांनी एकदा सतरंजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "लॉजमध्ये अंथरूण देत नाहीत का हो?"

ही खेप निदान विनोदी तरी झाली. दुसरी झाली नाही.

डिसेंबर २०१५. सौभाग्यवतींच्या मावसबहिणीचं लग्न दिल्लीला. आम्ही तिघंही गेलो होतो. कन्या तेव्हा सात वर्षांची. दिल्लीत कुतुबमिनारच्या बाजूला डीडीएचा सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे. पैसे भरा आणि खेळा, मेंबर असायची गरज नाही. आमच्यासारख्याला असं ठिकाण म्हणजे बिनजामिनाचं कर्ज. लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारी बारा वीसचा. मी त्याच गृहस्थांच्या पद्धतीनं हिशेब केला. पाचला उठायचं, सहाला सुरू, साडेदहाला परत. कुणाला कळणारसुद्धा नाही. बुटांचा आवाज होऊ नये म्हणून ते हातात घेऊन बाहेर पडलो. माणूस स्वतःच्या बायकोच्या माहेरच्या लग्नात चोरासारखा जिना उतरतो तेव्हाच त्याला कळायला हवं. पण कळत नाही.

धुकं आठपर्यंत हललं नाही. पुढे चार गट. माझ्या गटात तीन निवृत्त अधिकारी, त्यांतले दोघे प्रत्येक पुटच्या आधी खाली बसून गवत वाचत. मी कार्यालयात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अक्षता पडून गेल्या होत्या. मंडपाच्या दारातच सासूबाई. "अहो, होतात कुठे तुम्ही? फोटोला सगळे खोळंबले होते."

मी तोंड उघडायच्या आत परकराचा घोळ सावरत कन्या पुढे आली. म्हणाली, "आजी, बाबांना बँकेचं अर्जंट काम आलं होतं. सकाळीच फोन आला."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी नाही, तिच्या आईनं नाही. फोनसुद्धा तिनंच घातला, पुरावा म्हणून. आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्शनच्या वेळी साहेबांची चूक झाकून नेल्यावर हुशार क्लार्क जसा पाहतो तसं. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांना गवत चिकटलेलं होतं.

परतीच्या गाडीत मथुरा गेलं, आग्रा गेलं, त्या काही बोलल्या नाहीत. ग्वाल्हेर सुटल्यावर म्हणाल्या, "खेळलात याचं मला काही नाही हो. तिनं ते किती सहज केलं, ते बघा."

काठ्या माळ्यावर गेल्या. तीन वर्षं तिथेच होत्या.

इथे तुम्हाला वाटेल की लेखकाला उपरती झाली, आता तो गोल्फला शिव्या देऊन बसणार. नाही! कारण या प्रकरणानंतर आमचे मेहुणे फार खूश झाले आणि त्यांचं खूश होणं मला मान्य नाही. सहकुटुंब सहलीचा त्यांच्याकडे एक तक्ता असतो, अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांचा. २०१७ साली त्यांनी आम्हाला दक्षिणेत नेलं. बारा दिवस, बारा माणसं, एक टेंपो ट्रॅव्हलर. पाय मोकळे करायला रकाना नव्हता, पण 'आलोच आहोत तर' या नावाखाली वाटेल ते बसत होतं. आलोच आहोत तर हे देऊळ, आलोच आहोत तर तो धबधबा, आलोच आहोत तर त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या साडूची साड्यांची गिरणी. एका देवळात आम्ही पाच तास रांगेत उभे होतो. आतमध्ये देवासमोर किती, ते मी मोजलं नाही, कारण मोजायला सुरुवात करायच्या आत बाहेर आलो होतो. त्या पाच तासांना कुणी चोरी म्हटलं नाही. साड्यांच्या तीन तासांनाही नाही. आणि बाराच्या बारा जण 'एकत्र' होतो म्हणजे काय, तर गाडीत प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून वेगवेगळ्या गावी गेलेला! त्या बारा दिवसांत कुणीही, एकदाही, स्वतःला हवं ते केलं नाही. मेहुण्यांनीसुद्धा नाही. मला माहीत आहे, त्यांना रेल्वेची इंजिनं बघायला आवडतात. तसा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. विचारलं तर म्हणाले, "बरं दिसत नाही हो, सगळ्यांना सोडून." म्हणजे तेही चोरच, फक्त चोरी करायचं धैर्य नसलेले.

तेव्हा माझी फिर्याद दोघांवर आहे. चोरून खेळा म्हणणाऱ्यावर आणि खेळूच नका म्हणणाऱ्यावर. दोघंही एकच गोष्ट धरून चालतात, की माणसाला स्वतःचं काही हवं असणं ही लाजेची बाब आहे. एक ती लपवतो, दुसरा दाबतो.

हा तंटा काही आजचा नाही. स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळतात, लढाईला माणसं मिळायची कशी, म्हणून. बंदीचा कायदा १४७१ला पुन्हा काढावा लागला, १४९१ला पुन्हा. हेड ऑफिसचं एकच सर्क्युलर तीनदा आलं की त्याचा अर्थ काय होतो, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा. शेवटी १५०२ साली खुद्द राजानंच काठ्या विकत घेतल्या आणि घेतल्या कुणाकडून? धनुष्यं बनवणाऱ्याकडून! सेंट अँड्र्यूजला पूर्वी एका फेरीत बावीस होल खेळत. १७६४मध्ये त्याचे अठरा झाले. इतिहासकार मैदानाच्या आखणीची कारणं देतात. मला वाटतं चार होल घरच्यांनी कमी करून घेतले.

आणि कामाच्या प्रवासात गोल्फ कसा खेळावा, याचा सगळ्यांत मोठा दाखला त्या पाहुण्या गृहस्थांनी दिलाच नाही. ॲलन शेपर्ड, अपोलो-१४, फेब्रुवारी १९७१. वय सत्तेचाळीस, म्हणजे साधारण माझ्याच बरोबरीचा. सरकारी खर्चानं चंद्रावर डेप्युटेशन! त्यानं सहा नंबरच्या काठीचं नुसतं डोकं नेलं होतं. तिथे माती गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला ते बसवलं आणि परत निघायच्या आधी चेंडू मारले. पोशाख इतका अवघडलेला की दोन हात जवळ येईनात, म्हणून एका हातानं. दोन चेंडू नीट लागले. दुसरा मैलोगणती गेला असं त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं. पुढे २०२१ साली जुन्या छायाचित्रांवरून मोजदाद झाली, तेव्हा पहिला चोवीस यार्ड आणि दुसरा चाळीस यार्ड निघाला. गोल्फवाला चंद्रावर गेला तरी गोल्फवालाच! ते राहू द्या. माझा मुद्दा वेगळाच आहे. या माणसानं आधी साहेबांची परवानगी घेतली होती. साहेब आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, नेमलेलं काम सगळं नीट झालं तरच, तेही शेवटी. आणि खेळला तो टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यासमोर. पहाटे पाचला बूट हातात घेऊन नव्हे!

हे मी घरी जेवताना सांगितलं, एप्रिल २०१९मध्ये. तेव्हा चाळीस यार्डांची भानगड उघड व्हायची होती, त्यामुळे गोष्ट जास्त भारदस्त होती. आमच्या एल.एफ.सी.चा ब्लॉक संपत आला होता आणि शिमल्याचं ठरत होतं. मी म्हटलं, शिमल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर नालदेहरा आहे, तिथे गोल्फचा कोर्स आहे, नऊ होल खेळायला मला तिसऱ्या दिवशी साडेचार तास हवेत. असं उघड मागताना घसा कोरडा पडला. कर्ज मागायला येणारी माणसं काउंटरसमोर उभी राहून पाणी का मागतात, ते मला त्या दिवशी कळलं.

सौभाग्यवती म्हणाल्या, "नावे बाजूला तुमचे साडेचार तास. जमा बाजूला?"

"म्हणजे?"

"माझे साडेचार तास."

"कशासाठी?"

"ते सांगायला लागलं तर ते माझे कसले?"

बी.कॉम. मी झालो, एंट्री त्यांनी पास केली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. या बाईंना सहलीत कधी साडेचार तास मिळालेत का, हा प्रश्न मला त्याआधी पडलेला नव्हता. प्रत्येक सहलीत माझे मोजे कुठे आहेत, हे त्यांनाच माहीत असायचं.

तर नालदेहरा. लॉर्ड कर्झनला ही जागा फार आवडायची, कोर्सची सुरुवात त्यानंच केली असं सांगतात. १९०४ साली त्याला तिसरी मुलगी झाली, तिच्या नावात त्यानं 'नालदेरा' घातलं. अलेक्झांड्रा नालदेरा कर्झन. पुढच्या वर्षी त्यानं बंगालची फाळणी केली, त्यामुळे या माणसाबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण विचार करा, उन्हाळा आला की अख्खं सरकार बायकामुलांसकट, फायलींसकट कलकत्त्याहून शिमल्याला जायचं. कामाचा दौरा, सहकुटुंब सहल आणि गोल्फ, तिन्ही एकाच टी.ए. बिलात! आमच्या पाहुण्या गृहस्थांची विद्या मुळात तिथली. फरक इतकाच की व्हाइसरॉयला 'कुणाला कळणार नाही' याची काळजी नव्हती. त्याला विचारणारंच कुणी नव्हतं.

सौभाग्यवती शिमल्यालाच राहिल्या. मी, अण्णा आणि कन्या टॅक्सीनं निघालो. अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांना हॉटेलात ठेवावं असं माझ्या मनात होतं, पण आयुष्यभर पायी हिंडलेला माणूस, खोलीत दोन दिवस बसूनच त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. म्हणाले, "बघू तरी तुझा साहेबाचा खेळ." येरवड्यात सत्तावीस वर्षं टपाल वाटलं, कुंपणाच्या दारात अनेकदा रजिस्टर पत्रं दिली, पण आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत मी पिशव्या उचलत होतो, तेही त्यांना फार उशिरा कळलं होतं.

देवदारांच्या मधून वरखाली जाणारं गवत. कॅडी एक तरुण मुलगा. माझी सतरंजी उलगडल्यावर त्यानं दोन काठ्या पाहिल्या, बाकीच्या टॅक्सीत राहिल्यात का असं अदबीनं विचारलं. मग आमच्यात भांडण. तो म्हणे मी उचलतो, मी म्हणे राहू दे. दुसऱ्याची पिशवी उचललेल्या माणसाला आपली दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. शेवटी काठ्या दोनच, एक त्यानं घेतली, एक मी. गुण लिहायचं काम कन्येकडे. ती आता अकरा वर्षांची.

अण्णा सगळे नऊ होल चालले. चढावर मी धापा टाकत होतो, ते पुढे जाऊन उभे राहत. पाचव्यापाशी म्हणाले, "एवढं चालायचं, तर दोन पत्रं तरी टाकायची वाटेत." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "काही न वाटता इतकं लांब मी कधी चाललोच नाही रे." अण्णा जास्त बोलणारे नाहीत. त्या दिवशी त्यांनी येरवड्याच्या बंगल्यांतली कुत्री एकेक करून सांगितली, कुठलं भुंकायचं, कुठलं चावायचं, मनिऑर्डरच्या दिवशी कुठलं ओळख दाखवायचं. चाळीस वर्षांत ही कुत्री त्यांनी कधी घरी आणली नव्हती.

शेवटी कॅडीनं विचारलं, किती? मी म्हटलं, चौसष्ट.

"एकाहत्तर," कन्या म्हणाली.

"अगं, चौसष्ट."

"बाबा, त्या झाडामागचे तुम्ही धरलेच नाहीत. तीन होते. आणि पाण्याच्या पाइपाजवळ चार."

कॅडी आकाशाकडे पाहत होता. या धंद्यातलं आकाश मला चांगलंच माहीत आहे. मी सही केली. कार्डावर गुण लिहिणाऱ्याचीही सही लागते, ती कन्येनं पूर्ण नावानिशी केली. अण्णांनी वाचून खाली आपलीही ठोकली, पोच घेतल्यासारखी.

संध्याकाळी हॉटेलात पोचलो तेव्हा सौभाग्यवती आलेल्या नव्हत्या. त्या सव्वासहाला आल्या. हातात मक्याचं कणीस, गाल वाऱ्यानं लाल. कुठे होता, काय केलं, मी विचारलं नाही. आजतागायत नाही. आमच्या संसारात विवरणाची ओळ कोरी ठेवून पास झालेलं एवढं एकच व्हाउचर आहे.

एक सांगायचं राहिलं. नवव्या होलापाशी अण्णांनी काठी मागितली होती. मुसळ धरावं तशी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले की काय कोण जाणे, आणि मारली. चेंडू उडाला, देवदाराच्या मुळाला लागून थांबला. कन्येनं पावलं मोजली, चाळीस.

पुढे २०२१ साली शेपर्डच्या चेंडूची बातमी आली, तेव्हा मी ती अण्णांना वाचून दाखवली. म्हटलं, अण्णा, बरोबरी झाली, चंद्रावरसुद्धा एवढाच गेला होता.

अण्णांनी चष्मा पुसला, जरा विचार केला आणि म्हणाले, "तिथे वारा नसतो. मला समोरून होता."